सकाळी होकार, दुपारी नकार

“मॅडम, ही मुलगी सकाळी हो म्हणाली, दुपारी नको म्हणाली, आणि आत्ता चहा घेता घेता बघतोय तर परत हो. बिघाड कुणात आहे तेवढं सांगा. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये, का त्या पोरीत?”

फोनवर मगदूम गुरुजी होते. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी मंगळवार पेठेत घराच्या पुढच्या खोलीत वधूवर सूचक केंद्र काढलं होतं. त्या केंद्राचं सॉफ्टवेअर मी लिहिलं होतं. राजारामपुरीत एका कोचिंग क्लासच्या वर माझं दोन खोल्यांचं ऑफिस होतं. दुकानांची बिलं, दवाखान्यांच्या अपॉइंटमेंट, असली कामं मी करायचे. वधूवर केंद्राचं काम पहिल्यांदाच आलं होतं.

“मन बदललं असेल, गुरुजी,” मी म्हणाले. “लग्नाचा प्रश्न आहे.”

“मन बदलायला माझी ना नाही. पण दोन-तीन दिवस हेच चाललंय. होकार दिसला म्हणून मी मुलाकडं कळवून बसलोय. रविवारी ते बघायला येणार, निपाणीकडनं गाडी करून. आता त्यांना काय सांगू? सकाळी या, दुपारी येऊ नका?”

उद्या सकाळी येते म्हणून मी फोन ठेवला. पण डोक्यातून ते जाईना. प्रोग्रॅममध्ये चूक असली की ती सगळीकडं दिसते. केंद्राच्या कॉम्प्युटरवर भरपूर नावं होती आणि बाकीची सगळी गप्प होती. एकाच मुलीच्या नावापुढचं उत्तर उड्या मारत होतं. असं का व्हावं, याचं कारण मला सापडेना.

तेव्हाची परिस्थिती थोडी सांगायला हवी. दोन हजार सालानंतरची ती पाच-सहा वर्षं. मोबाइल कोल्हापुरात बहुतेक घरांत आले होते, पण फोन लावताना माणसं अजून विचार करायची. मिस्ड कॉलवर निम्मे निरोप चालायचे. ई-मेल असायचा तो ऑफिसात, नाहीतर नेट कॅफेत. गुरुजींचं केंद्र त्याआधी टपालावर चालायचं. स्थळाची माहिती पाठवायची, फोटो पाठवायचा आणि उत्तराची वाट बघायची. उत्तर येईपर्यंत मुलाचं दुसरीकडं जमलेलं असायचं.

गुरुजींना एसएमएस आणि ई-मेल दोन्ही हवे होते. का, ते समजायला सोपं आहे. एसएमएस लगेच पोचतो आणि माणूस तो लगेच वाचतो. पण त्यात एकशे साठ अक्षरं मावायची. फोटो जायचा नाही. तेव्हाच्या बऱ्याच हँडसेटवर मराठी अक्षरांच्या जागी नुसते चौकोन दिसायचे, म्हणून मराठी मजकूर इंग्रजी अक्षरांत लिहावा लागायचा. ई-मेलमध्ये हवं तेवढं लिहा, फोटो जोडा, पत्रिका जोडा. पण माणूस तो उघडेल तेव्हा उघडेल. म्हणून दोन्ही जोडायचे. एसएमएसनं दारावर थाप मारायची आणि सविस्तर बोलणं ई-मेलनं करायचं.

एसएमएससाठी गुरुजींच्या कॉम्प्युटरला मी मोडेम जोडला होता. मोडेम म्हणजे सिमकार्ड घातलेली एक डबी. मेसेज गेला किंवा आला की तिचा हिरवा दिवा लुकलुकायचा. उत्तर देणाऱ्यानं येस किंवा नो एवढंच पाठवायचं. ई-मेलमध्ये ‘पसंत’ आणि ‘नापसंत’ अशा दोन लिंक होत्या. उत्तर कुठूनही आलं तरी त्या घराच्या नावापुढं पडायचं. सुरुवातीला लोक त्या डबीलाच फोन लावायचे. “गुरुजी फोन उचलत न्हाईत” म्हणून वडणग्याचे एक गृहस्थ भांडायला आले होते. त्यांना डबी दाखवली तरी त्यांचं समाधान झालं नाही.

“एक घर, एक ओळ,” गुरुजींनी काम देतानाच सांगितलं होतं. “आणि शेवटचं उत्तर खरं धरायचं. माणसं मत बदलतात. जुनं उत्तर ठेवून काय करायचं?” आयुष्यभर गणित शिकवलेला माणूस. त्यांना नियम सुटसुटीत लागायचे. त्यामुळे नवीन उत्तर आलं की प्रोग्रॅम जुनं पुसून टाकायचा.

शुक्रवारी सकाळी मी स्कूटर काढून मंगळवार पेठेत गेले. कॉम्प्युटरवर वैशाली बसली होती. केंद्राचं सगळं टायपिंग तीच करायची. मुलीचं नाव अश्विनी. इंजिनियर. वडील शिवगोंडा, इचलकरंजीत त्यांचे यंत्रमाग. नावापुढं लिहिलेलं होतं, ‘होकार’.

“आत्ता होकार दिसतोय, मॅडम,” वैशाली म्हणाली. “मी आले तेव्हा नकार होता. मी हातसुद्धा लावला नाही. व्हायरस असंल काय?”

“व्हायरस एकाच मुलीच्या मागं लागत नाही,” मी म्हणाले.

“लागंल की. काय सांगता येतंय?”

मी एकेक गोष्ट तपासायला घेतली. कॉम्प्युटरचं घड्याळ बघितलं, ते बरोबर होतं. घड्याळ चुकलं तर जुनं उत्तर नवं ठरू शकतं. मग मोडेम बघितला. त्या काळात नेटवर्कवर गर्दी झाली की एकच मेसेज दोनदा, कधी उशिरा यायचा. तसं काही असेल म्हणून मी सिमकार्ड काढून माझ्या मोबाइलमध्ये घालून बघितलं. मेसेज एकेकदाच आलेले होते. सिम परत डबीत घातलं. गुरुजी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे होते. मी चूक सापडली म्हणून सांगेन, अशा आशेनं ते प्रत्येक वेळी पुढं वाकायचे.

“काही आहे?”

“नाही, गुरुजी.”

“म्हणजे सगळं बरोबर आहे?”

“सगळं बरोबर दिसतंय.”

“मग हे असं का?”

आम्ही तिघं नुसते स्क्रीनकडं बघत बसलो. गुरुजींच्या घरच्या काकूंनी चहा आणला. तो पिता पिता आमच्या डोळ्यांदेखत ‘होकार’ गेला आणि तिथं ‘नकार’ आला. कुणी की-बोर्डला हात लावलेला नव्हता.

गुरुजींनी कप खाली ठेवला आणि थेट मुलीच्या वडिलांना फोन लावला. पलीकडून मागांचा खडखडाट इतका मोठा होता की तो आम्हालाही ऐकू आला.

“शिवगोंडाअण्णा, मगदूम बोलतोय. तुमचं स्थळाबद्दल नक्की काय ठरलंय?”

“होच म्हटलंय की, गुरुजी,” शिवगोंडाअण्णा ओरडून बोलत होते. “कितींदा कळवायचं? तुमच्याकडनंच उलटं मेसेज येतंय.”

“उलटं म्हणजे?”

“ऐकू येत न्हाय. मेसेज करतो.”

फोन बंद झाला. स्क्रीनवर नकार आणि फोनवर होकार. गुरुजींनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि परत स्क्रीन बघितली. थोड्या वेळानं मोडेमचा हिरवा दिवा लुकलुकला आणि स्क्रीनवर ‘होकार’ आला.

तिथं मला पहिला धागा लागला. होकार आला तेव्हा दिवा लुकलुकला होता. मघाशी नकार आला तेव्हा डबी गप्प होती. दिवा पेटला तो नंतर, इथून मेसेज बाहेर जाताना. म्हणजे नकार एसएमएसनं आलेलाच नव्हता. तो ई-मेलच्या लिंकवरून आला होता.

“गुरुजी, या घराचा ई-मेल कुणाचा आहे?”

“त्यांचाच. नोंदणीच्या वेळी दिलाय.”

मी तो पत्ता बघितला. त्यात ना नाव होतं ना गाव. एका फुलाचं नाव होतं आणि पुढं काही आकडे. इचलकरंजीतला पन्नाशीचा यंत्रमागवाला ई-मेलसाठी फुलाचं नाव घेईल, हे काही मला पटेना.

“हा मुलीचा असणार,” मी म्हणाले. “मोबाइल वडिलांचा आणि ई-मेल मुलीचा. वडील हो म्हणतात, मुलगी नको म्हणते. दोघं एकाच ओळीवर लिहितायत.”

“पण परत परत कशाला लिहितील?” वैशालीनं विचारलं. “एकदा सांगितलं की झालं की.”

प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर मात्र आमच्या प्रोग्रॅममध्येच होतं. उत्तर नोंदवलं की खात्रीसाठी आम्ही त्या घराला दोन्हीकडं पोच पाठवायचो, मोबाइलवरही आणि ई-मेलवरही. मुलीनं नापसंत दाबलं की वडिलांच्या मोबाइलवर मेसेज जायचा, ‘आपला नकार नोंदवला आहे.’ वडील चक्रावायचे आणि येस पाठवायचे. त्याबरोबर मुलीला ई-मेल जायचा, ‘आपला होकार नोंदवला आहे.’ ती घाबरून परत नापसंत दाबायची. पलीकडं आपल्याच घरातलं माणूस आहे, हे दोघांनाही माहीत नव्हतं. दोघांनाही वाटत होतं की केंद्राचा कॉम्प्युटर आपलं ऐकत नाही.

मी हे समजावून सांगितलं. गुरुजींनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “एका घरातली दोन माणसं माझ्या कॉम्प्युटरवर भांडतायत, आणि भांडतोय हे त्यांना ठाऊक नाही. असंच ना?”

“असंच.”

“मग घरात ही माणसं बोलत नाहीत काय एकमेकांशी?”

याचं उत्तर सॉफ्टवेअरमध्ये नव्हतं. मी त्या घराला जाणाऱ्या पोचपावत्या बंद केल्या आणि अश्विनीला काय लिहावं याचा विचार करत बसले. पण लिहायची वेळच आली नाही. दुपारी ती स्वतःच दारात उभी राहिली.

पंजाबी ड्रेस, खांद्याला पर्स, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र तसंच. शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत ती डिझाइनचं काम करत होती. राहायला कोल्हापुरातच, मुलींच्या होस्टेलवर. शनिवारी संध्याकाळी गावी जायची. जेवणाच्या सुट्टीत आली होती. चिडली होती, पण आवाज चढवत नव्हती.

“गुरुजी, मी किती वेळा नको म्हणायचं? दर वेळी तुमचा ई-मेल येतो, होकार नोंदवला म्हणून. मी एकदाही होकार दिलेला नाही. मला जबरदस्तीनं बघायला बसवणार आहात काय?”

“बस बाळ,” गुरुजी म्हणाले. “होकार तुझ्या वडिलांनी दिलाय.”

ती उभीच राहिली. “अप्पांनी? त्यांना कुठं माहीत आहे हे स्थळ?”

“माहिती त्यांच्याच मोबाइलवर गेलीय. गेले दोन-तीन दिवस ते हो म्हणून कळवतायत. आज सकाळीसुद्धा मी बोललो.”

मग ती बसली. आधी मला वाटलं, गोंधळ मिटला म्हणून तिला हायसं वाटलं असेल. तसं नव्हतं. तिचा चेहरा उतरला होता.

“अप्पा हो म्हणाले,” ती हळू म्हणाली. “त्या अपेक्षेला हो म्हणाले?”

“कुठली अपेक्षा?” मी विचारलं.

“मुलाकडच्यांची. लग्नानंतर मुलीनं नोकरी सोडावी. ई-मेलमध्ये अगदी शेवटी लिहिलंय. मी ते वाचलं आणि लगेच नापसंत दाबलं. अप्पांनी ते वाचून हो म्हटलं असेल तर मग...”

मी वैशालीला विचारलं, वडिलांना गेलेला एसएमएस काय होता. तिनं तो मोठ्यानं वाचून दाखवला. ‘मुलगा बी.ई., निपाणी भाग, शेती, स्वतःचा व्यवसाय, निर्व्यसनी. मेल पाहा. पसंत असल्यास येस, नसल्यास नो पाठवा.’ इंग्रजी अक्षरांत एवढंच. अपेक्षेचा त्यात शब्द नव्हता, कारण तो मावलाच नव्हता.

“अप्पांना हे माहीत नाही,” अश्विनी म्हणाली. एकदा आम्हाला, आणि मग परत, स्वतःलाच सांगितल्यासारखं.

तिनं फाउंड्रीत फोन करून अर्ध्या दिवसाची रजा सांगितली. गुरुजींनी शिवगोंडाअण्णांना मेसेज केला, ‘मुलगी केंद्रात आहे, लगेच या.’ त्यात काही वाईट अर्थ निघेल हे कुणाच्याच लक्षात आलं नाही. अण्णा मोटारसायकलवरून इचलकरंजीहून आले ते घाबरेघुबरे होऊन. अंगावरच्या पांढऱ्या शर्टावर कापसाचे तंतू तसेच होते. मुलगी खुर्चीत धडधाकट बसलेली बघितली तेव्हा त्यांनी दाराच्या चौकटीला हात टेकला.

“काय झालं गं?”

“काय नाही, अप्पा. बसा. पाणी प्या.”

ते पाणी प्यायले. मग गुरुजींकडं वळले. “गुरुजी, मला काय कळंना झालंय. मी हो म्हणतोय, तुमी नकार लिवताय. स्थळ चांगलं हाय. घरची मिल हाय. आमी नुसतं माग चालीवतोय, त्येंची आख्खी मिल. आणि काय पायजे?”

“मिल?” गुरुजी म्हणाले. “कुणाची मिल?”

“पोराची. तुमीच कळीवलंय की. मिल पाहा म्हणून.”

आमच्यापैकी कुणाला काही उमगेना. अण्णांनी खिशातून मोबाइल काढला आणि मेसेज दाखवला. मी तो वाचला तेव्हा लक्षात आलं. एम, ए, आय, एल. इंग्रजी अक्षरांतलं ‘मेल पाहा’ त्यांनी ‘मिल पाहा’ असं वाचलं होतं. यंत्रमागाच्या गावातला माणूस दुसरं काय वाचणार? ई-मेल त्यांनी आयुष्यात उघडला नव्हता. सूतगिरणी मात्र रोज डोळ्यांसमोर होती.

“मी येकदा निपाणीकडं जाऊन बघून बी येणार हुतो,” अण्णा म्हणाले. “भावाला सांगितलं, मिलवालं पावणं येणार हाईत आयतवारी.”

“अप्पा, मिल नाही,” अश्विनी म्हणाली. “मेल. कॉम्प्युटरवरचं पत्र. ते मला आलंय. त्यात सगळं लिहिलंय.”

“मग पोरगा काय करतोय?”

“पाइपचं दुकान आहे. त्याचं काही नाही, अप्पा. चांगलं असेल ते. पण त्यांना नोकरी करणारी नकोय. लग्न झालं की नोकरी सोडायची.”

अण्णा तिच्याकडं बघत राहिले. “कुणी?”

“मी.”

“कशापायी?”

“कारण लिहिलेलं नाही.”

मग अण्णा माझ्याकडं वळले. गुरुजींनी माझी ओळख करून दिली होती, मशीनचं काम ह्या मॅडमनी केलंय म्हणून.

“बाई, हे मला का न्हाय कळीवलं?”

“एसएमएसमध्ये बसत नव्हतं, अण्णा. त्यात ठरावीकच अक्षरं मावतात. म्हणून महत्त्वाचं तेवढं घातलं.”

“महत्त्वाचं म्हंजे?”

“शिक्षण, गाव, व्यवसाय. निर्व्यसनी आहे हे.”

“मग निर्व्यसनी काढायचं हुतं की,” अण्णा म्हणाले. आवाजात राग नव्हता. समजावल्यासारखं बोलत होते. “व्यसन समोर बसल्यावर कळतंय. चार माणसांत इचारता येतंय. नोकरी सोडायची हे आधी सांगायचं. हिला इंजिनेरिंगला घातली तवा आमची भावकी हसत हुती. पोरीला लोखंडाचं काम कशाला म्हणून. चार वर्सं मी त्येंची बोलणी ऐकून घेतली. ते काय हिनं घरी बसावं म्हणून?”

अश्विनीनं मान खाली घातली. ती रडत होती का, ते मला दिसलं नाही. मी मुद्दामच तिकडं बघितलं नाही.

“मला वाटलं तुम्ही वाचूनच हो म्हणालात,” ती म्हणाली.

“मला वाचायला दिलंय कुणी?” अण्णा म्हणाले. “आणि तू तरी फोन करायचा हुतास.”

“शेडमध्ये ऐकू येतंय काय तुम्हाला?”

“ते बी खरं.”

आता राहिले रविवारचे पाहुणे. गुरुजी सकाळपासून याच काळजीत होते. केंद्राचा शब्द गेला होता. एकदा शब्द फिरवणारं केंद्र अशी ख्याती झाली की निपाणी, संकेश्वर, गडहिंग्लज, त्या सगळ्या पट्ट्यातून स्थळं येणं थांबलं असतं. ते म्हणाले, मी फोन करून माफी मागतो. अण्णांनी त्यांच्या हातातून फोन घेतला.

“तुमी कशाला? घर आमचं हाय. मीच बोलतो.”

मुलाकडून नोंदलेला मोबाइल त्याच्या काकांचा होता. अण्णा त्यांच्याशी कानडीत बोलू लागले. काकांचा मोठा आवाज शेजारी बसलेल्या अश्विनीपर्यंत पोचत होता. मला कानडी येत नाही. गुरुजींनाही नाही. आम्ही दोघं अण्णांच्या चेहऱ्याकडं बघून अंदाज बांधत होतो. मधूनच ‘नोकरी’, ‘इंजिनियर’, ‘संडे’ असे शब्द यायचे. एकदा अण्णा मोठ्यानं हसले. एकदा बराच वेळ नुसतं ऐकत राहिले. त्यांनी हो म्हटलं की नाही, हे आम्हाला कळेना.

“काय म्हणतायत?” गुरुजींनी अश्विनीला हळूच विचारलं.

“अप्पा म्हणतायत, जरूर या, जेवून जा. पण पोरगी नोकरी सोडणार नाही, हे ऐकून मग या. काका म्हणतायत, मुलाच्या आईला सून घरात हवी आहे. घरी विचारून सांगतो म्हणाले.”

“आणि हसले कशाला?”

“मिलचं सांगितलं त्यांना.”

अण्णांनी फोन ठेवला आणि रुमालानं तोंड पुसलं. “माणूस वाईट न्हाय,” एवढंच म्हणाले. मग अश्विनीला मागं बसवून ते मोटारसायकलवरून गावाकडं गेले. शनिवारची वाट न बघता ती त्या दिवशीच घरी गेली.

दुसऱ्या दिवशी मोडेमचा दिवा लुकलुकला. मुलाच्या काकांचा मेसेज होता. नो. दोन्ही बाजूंची उत्तरं जुळली. गुरुजींनी सुस्कारा सोडला. त्या मुलाचं स्वतःचं मत काय होतं, ते मला आजही माहीत नाही. नोंदणीत त्याचा ई-मेल होता, पण त्यावरून एकदाही काही आलं नाही. तो ते वाचत होता का, ती अपेक्षा त्यानं लिहिली होती की त्याच्या वतीनं कुणी, यातलं काहीच आम्हाला कळलं नाही. काकांनी नो म्हटलं आणि तिथं ते संपलं.

पुढच्या आठवड्यात मी प्रोग्रॅम बदलायला घेतला. घर एकच ठेवलं, पण उत्तरांच्या जागा दोन केल्या. एक पालकांची, एक मुलाची किंवा मुलीची. कोण बोलतंय त्याचं नाव प्रत्येक उत्तरापुढं. पोचपावती ज्यानं उत्तर दिलं त्यालाच. दोन्ही उत्तरं जुळली तरच पाहुण्यांना कळवायचं. एसएमएसमध्ये गुणांच्या आधी अपेक्षा. ‘मेल पाहा’ काढून टाकलं. त्याच्या जागी काय लिहायचं यावर बराच खल झाला. शेवटी वैशालीनं सुचवलं, ‘फोटो व माहिती कॉम्प्युटरवर पाठवली आहे, घरात विचारा.’ अक्षरं जास्त होत होती. ती बसवायला आम्ही ‘निर्व्यसनी’ काढलं.

गुरुजींना हा बदल पटत होता, पण धास्तीही होती. “होकार कमी होतील, मॅडम,” ते म्हणाले. “आधी एकाला विचारत होतो. आता दोघांना विचारायचं म्हणजे जमायचं कधी?”

“न जमणारं आधीच कळेल,” मी म्हणाले.

ज्या घरातून एकच उत्तर आलंय किंवा दोन उत्तरं वेगळी आहेत, ते घर स्क्रीनवर पिवळं दिसेल असं मी केलं होतं. पिवळ्या घराला मेसेज पाठवायचा नाही, गुरुजींनी स्वतः फोन करायचा. प्रोग्रॅम पहिल्यांदा जुन्या नावांवर चालवला तेव्हा गुरुजी माझ्या शेजारीच बसले होते. यादी वरून खाली सरकत गेली आणि पिवळी होत गेली. मधे कुठंतरी एखादी पांढरी ओळ.

गुरुजी स्क्रीनवर बोट फिरवत पिवळ्या ओळी मोजत गेले. मग म्हणाले, “एवढ्या घरांत बोलणं व्हायचंय?”

मी म्हणाले, तसं दिसतंय. त्यांनी चष्मा नीट केला, फोन जवळ ओढला आणि पहिल्या पिवळ्या घराचा नंबर फिरवायला घेतला.

अश्विनीचं लग्न दोनेक वर्षांनी झालं. आमच्या केंद्रातून नाही. सांगलीचा मुलगा, तिच्या मैत्रिणीच्या ओळखीतला. लग्नाची पत्रिका द्यायला अण्णा माझ्या ऑफिसात स्वतः आले होते. नोकरीचं काय ठरलं, असं मी विचारायच्या आधीच त्यांनी सांगितलं की पोरगी लग्नानंतरही कामावर जाणार आणि जावई डबा भरून देणार. दुसरी गोष्ट खरी की त्यांनी रंगवून सांगितली, ते मला ठाऊक नाही.

पुढं मी दवाखाने, पतसंस्था, कोचिंग क्लास अशा बऱ्याच ठिकाणी एसएमएस आणि ई-मेल जोडून दिले. मालक लोक मला तांत्रिक प्रश्न विचारतात. मेसेज किती वेळात जाईल, ई-मेल स्पॅममध्ये पडेल का. मी आधी एवढंच विचारते, तुमच्याकडं ग्राहकाचा जो मोबाइल आहे तो कुणाच्या खिशात असतो, आणि जो ई-मेल आहे तो कोण उघडतं. बहुतेक जण हसतात आणि म्हणतात, एकाच माणसाचे आहेत, मॅडम. मग मी म्हणते, एकदा फोन करून विचारून घ्या. विचारल्यावर बहुतेकांचा माझ्याकडं परत फोन येतो आणि काम थोडं वाढतं.